वाचाघात, सुया आणि सरावाचे तास : एका रुग्णाचे प्रकरण

पक्षाघातानंतर सातव्या आठवड्यात हे गृहस्थ माझ्याकडे वाचा-उपचारासाठी आले, तेव्हा त्यांच्या तोंडून आपणहून निघणारे शब्द चारच होते : ‘हो’, ‘नाही’, पत्नीचे नाव आणि ‘अरे अरे’ हा उद्गार, जो ते राग, समाधान, होकार आणि अगतिकता या सर्वांसाठी वापरत. वय ५७, उजव्या हाताने काम करणारे, व्यवसाय विद्युत मोटारींच्या दुरुस्तीचा. त्यांची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत, मात्र उपचारांचा क्रम आणि आमच्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

एका सकाळी त्यांना जाग आली तीच उजवा हात लुळा आणि तोंड वाकडे झालेल्या अवस्थेत. आघात झोपेत झाल्यामुळे तो नेमका केव्हा सुरू झाला हे कोणालाच सांगता येईना, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागत असल्याने ते त्यांना देता आले नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल आर्टरी या रक्तवाहिनीच्या वरच्या शाखेचे क्षेत्र बाधित झालेले दिसले. गुठळीचे मूळ हृदयाच्या अनियमित ठोक्यांत, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये असल्याचे निदान झाले आणि रक्त पातळ करणारे औषध सुरू करण्यात आले. या औषधाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

नेमके काय बिघडले होते

कुटुंबाचा समज असा होता की त्यांची जीभ जड झाली आहे आणि ती मोकळी झाली की बोलणे परत येईल. तपासणीत चित्र निराळे दिसले. जीभ, ओठ आणि तोंडातील टाळू यांची हालचाल बऱ्यापैकी ठीक होती. पहिल्या आठवड्यांत गिळायला होणारा त्रासही कमी होत आला होता. बिघाड भाषेत होता, म्हणजेच वाचाघात किंवा अफेजिया, जो पक्षाघात झालेल्या साधारण एक तृतीयांश लोकांत आढळतो. कपाळाच्या मागे डाव्या बाजूस खाली असलेल्या भागाचा आणि बोलण्याच्या क्षमतेचा संबंध पॉल ब्रोका यांनी १८६१ साली दाखवून दिला. त्यांच्या त्या प्रसिद्ध रुग्णाला ‘टॅन’ या एका अक्षरापलीकडे जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे. आमच्या रुग्णाचा वाचाघात त्याच जातीचा होता. बोललेले त्यांना बरेचसे समजत होते, पण मनातला शब्द सापडत नव्हता, आणि सापडलाच तर तो उच्चारण्यासाठी तोंडाने काय करायचे याची जुळवाजुळव करताना ओठ चाचपडत राहत. हा दुसरा दोष वाचेच्या अप्रॅक्सियाचा. तो सौम्य असला तरी उपचाराची आखणी त्यानेही बदलते.

एक ते दहा आकडे ते सलग म्हणत असत. पण सात बोटे दाखवून ‘हे किती?’ असे विचारले की ‘सात’ हा शब्द निघत नसे. मग एकपासून सुरुवात करून ते सातवर येऊन थांबत आणि माझ्याकडे पाहत. पाठ असलेली साखळी आणि हवा तो एक शब्द वेगळा काढणे या मेंदूच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली शाबूत असते म्हणून ‘बाबा बोलू शकतात, पण प्रयत्न करत नाहीत’ असा गैरसमज घरोघरी होतो, आणि रुग्णाला तो फार लागतो. या घरातही तो झालेला होता.

वाचाघाताची तीव्रता मोजणाऱ्या वेस्टर्न अफेजिया बॅटरी या चाचणीत शंभरपैकी त्यांचा गुणांक ३४ आला.

सुयांचा प्रस्ताव

उपचाराला जेमतेम आठवडा झाला असताना मुलाने ॲक्युपंक्चरचा विषय काढला. त्याने बरेच वाचले होते आणि एका उपचारकाची भेटही घेतली होती. त्या उपचारकाने सुयांबरोबरच असा सल्ला दिला होता की भाषेच्या सरावाने मेंदू थकतो, म्हणून काही काळ सराव बंद ठेवावा किंवा आठवड्यातून एकदाच करावा. आठवड्यातून पाच दिवस वडिलांना माझ्याकडे आणणे कुटुंबाला जड जात होतेच; त्यामुळे या सल्ल्याने त्यांना विज्ञानाइतकाच दिलासाही मिळाला होता. मुलाच्या प्रश्नात मला अविश्वास दिसला नाही. सात आठवडे वडील गप्प बसलेले पाहिल्यावर माणूस जे जे शक्य आहे ते सर्व करू पाहतो.

मी त्याला जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे ‘काही उपयोग नाही’ किंवा ‘करून पाहा, काय बिघडते’ हे दोन्ही झटपट उत्तर चुकीचे आहे.

वाचाघातासाठी ज्या बिंदूंवर सुया लावल्या जातात ते साधारण तीन ठिकाणी आहेत. काही टाळूच्या, म्हणजे येथे डोक्यावरील केसांखालच्या, त्वचेत. काही गळ्याभोवती, जसे हनुवटीखाली कंठमण्याच्या वर असलेला लिआनछुआन आणि मानेच्या मागे केसांच्या रेषेजवळ असलेला यामेन, ज्याच्या नावाचा अर्थच ‘मुकेपणाचे द्वार’ असा आहे. आणि काही हातापायांवर, जसे मनगटाच्या घडीपासून थोडे वर करंगळीच्या बाजूला असलेला थोंगली. गळ्याचे आणि हाताचे बिंदू जुन्या परंपरेतले आहेत. टाळूवरची पद्धत मात्र प्राचीन नाही. चीनमधील च्याओ शुन्फा यांनी ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस मांडली, आणि तिचा आधार आधुनिक शरीररचनाशास्त्र हा आहे : मेंदूच्या ज्या भागाचे जे कार्य, त्या भागावरील टाळूच्या पट्ट्यात सुई. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागावरून टाळूवर आखलेल्या रेषेच्या खालच्या दोन पंचमांश भागाला त्यांनी वाचेचे पहिले क्षेत्र म्हटले. ही कल्पना समजायला सोपी आहे आणि म्हणूनच मोहक आहे. पण सुई टाळूच्या त्वचेखालच्या थरात राहते, तिच्या आणि मेंदूच्या मध्ये कवटीचे हाड असते, आणि त्या त्वचेतील संवेदना ज्या नसा वाहून नेतात त्या खालच्या मेंदूतून थेट वर आलेल्या नसतात. तेव्हा परिणाम होत असल्यास तो ‘खालचा भाग जागा झाला’ इतक्या सरळ वाटेने होत नसणार.

पुराव्याविषयी सांगायचे तर, या विषयावरील जुन्या चाचण्यांपैकी बहुतेक लहान होत्या, आणि त्यांच्यात एका गटाला सराव व सुया आणि दुसऱ्याला केवळ सराव अशी तुलना असे. अशा तुलनेत पहिल्या गटाला जास्तीचे लक्ष, जास्तीचा स्पर्श आणि जास्तीची आशाही मिळते, त्यामुळे सुईचा वाटा वेगळा काढता येत नाही. या पार्श्वभूमीवर २०२४ साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली चीनमधील चाचणी वजनदार आहे. तिच्यात रक्तपुरवठा खंडित होऊन झालेल्या पक्षाघातानंतर बोलण्याचा वाचाघात जडलेले २५२ रुग्ण होते. निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना दिखाऊ ॲक्युपंक्चरची सहा आठवड्यांत ३० सत्रे दिली गेली, आणि सहा आठवड्यांच्या शेवटी वेस्टर्न अफेजिया बॅटरीच्या गुणांकात खऱ्या सुयांचा गट सरासरी ७.९९ गुणांनी पुढे होता. या बॅटरीत साधारण पाच गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला जातो, म्हणून हा आकडा झटकून टाकण्याजोगा नाही. मुलाने तोच आकडा मला दाखवला होता, आणि तो बरोबर होता.

त्याने न पाहिलेली गोष्ट अशी की त्या चाचणीत दोन्ही गटांना भाषेचा सराव सारखाच दिला जात होता. सराव थांबवून सुया लावल्यास काय होते, हे त्या चाचणीने तपासलेलेच नाही. तिने तपासले ते सरावावर सुयांची भर घातली तर काय होते हे. त्या उपचारकाचा सल्ला आणि त्याच्या समर्थनार्थ दाखवला जाणारा पुरावा असे परस्परविरुद्ध होते. शिवाय सुई लावणाऱ्याला आपण खरी सुई लावतो आहोत की दिखाऊ हे माहीत असतेच. सुईच्या कोणत्याही चाचणीतला हा दोष पूर्णपणे काढता येत नाही, आणि म्हणून आणखी एकदा, दुसऱ्या देशांत आणि दुसऱ्या भाषांत तसाच निष्कर्ष येईपर्यंत मी सावध राहतो.

सरावाच्या बाजूचा पुरावा याहून पुष्कळ मोठा आहे. २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ५७ चाचण्यांतील ३००२ लोकांची माहिती एकत्र केली होती आणि वाचा-उपचाराने दैनंदिन संवाद, वाचन, लेखन व बोलणे सुधारते असे त्यातून दिसले. ‘लान्सेट’मध्ये २०१७ साली आलेल्या जर्मनीतील चाचणीत आघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या लोकांनाही आठवड्याला किमान दहा तासांच्या तीन आठवडे सरावाचा फायदा झाला. मेंदू थकतो हे खरे आहे. रुग्ण वीस मिनिटांत घामाघूम होताना मी रोज पाहतो. त्यावर उपाय सत्रे लहान करून ती अधिक वेळा घेणे हा आहे. सराव सोडून देणे हा उपाय नव्हे.

संमती कोणाची

या सगळ्या चर्चेत आम्ही दोघे बोलत होतो आणि ज्यांच्या डोक्यात सुया लागणार होत्या ते शेजारी बसून मान हलवत होते. मुलगा म्हणाला, ‘बाबांची तयारी आहे, मी विचारलंय.’ मी त्यांना विचारले, ‘सुया लावून घ्यायच्या आहेत?’ त्यांनी ‘हो’ म्हटले. थोड्या वेळाने विचारले, ‘सुया नकोत ना?’ त्यावरही ‘हो’.

वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांवर भरवसा ठेवण्यापूर्वी ते तपासावे लागतात, हे मला माहीत असूनही मी त्या दिवसापर्यंत या विषयात ते तपासले नव्हते. पुढच्या सत्रात मी चार मोठी चित्रे तयार केली : टाळूवर सुया लावलेला माणूस, गळ्याला सुई लावलेला माणूस, बोलण्याचा सराव करणारी दोन माणसे, आणि घरी विश्रांती. प्रत्येक चित्राबरोबर एक ठळक शब्द, एक लहान वाक्य, आणि बोट ठेवण्यासाठी होकाराची व नकाराची खूण. एकच प्रश्न उलटसुलट करून वेगवेगळ्या दिवशी तीनदा विचारला. तीनही वेळा त्यांनी टाळूच्या सुयांना होकार, सरावाला होकार आणि गळ्याच्या सुईला स्पष्ट नकार दिला. त्यांना भाषा समजत होती. आम्ही विचारत होतो ती पद्धत त्यांच्यासाठी नव्हती.

आखणी आणि एक चूक

शेवटी ठरले ते असे. सरावाचे पाच दिवस कायम राहतील. पहिले चार आठवडे केवळ सराव होईल, त्यानंतर सहा आठवडे सरावाबरोबर आठवड्यातून तीन वेळा सुया लावल्या जातील, आणि मग चार आठवडे पुन्हा केवळ सराव. उपचारक बदलला, नव्या उपचारक पक्षाघातानंतरच्या रुग्णांबरोबर काम केलेल्या वैद्यकीय डॉक्टर होत्या. सुया उशिरा सुरू करण्याचा आग्रह माझा होता. आघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत भाषा आपोआपही सुधारत असते. त्या काळात कोणताही उपचार सुरू केला की श्रेय त्या उपचाराला मिळते. सुया लागण्यापूर्वीचा वेग हातात असला तरच नंतरच्या वेगाविषयी काही बोलता येते.

मोजण्यासाठी मी चाळीस शब्द निवडले, जे त्यांना लागोपाठ तीन तपासण्यांत चित्र पाहून सांगता आले नव्हते किंवा एखाद्याच वेळी सांगता आले होते. त्यांच्या अडचणीची पातळी सारखी राहील अशा बेताने वीस-वीसच्या दोन याद्या केल्या. पहिल्या यादीचा रोज सराव घ्यायचा, दुसरीला हात लावायचा नाही, आणि दर आठवड्याला दोन्ही तपासायच्या. सरावाच्या यादीत पक्कड, तार, खटका, बेअरिंग, चष्मा, नातवाचे नाव असे शब्द होते. ते शब्द कोणत्याही पुस्तकातून न घेता त्यांच्या पत्नीला विचारून घेतले होते. तपासणीचे ध्वनिमुद्रण करून तारखा काढून टाकल्या आणि क्रम उलटापालटा करून ते एका सहकाऱ्याकडे गुण देण्यासाठी पाठवले. माझ्या कानाला सुधारणा ऐकण्याची घाई असते, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

चूक झाली ती सुयांच्या पहिल्याच आठवड्यात. रक्त पातळ करणाऱ्या औषधाची माहिती मी दिली असेल असे कुटुंबाला वाटले, आणि कुटुंबाने दिली असेल असे मला. उपचारकांनी विचारलेल्या प्रश्नपत्रिकेत ती जागा रिकामी राहिली होती. त्यातच, गळ्याच्या सुईला रुग्णाने नकार दिल्याचा माझा निरोप लेखी नव्हता, त्यामुळे तोही पोचला नाही, आणि दुसऱ्या सत्रात लिआनछुआन बिंदूवर सुई लावली गेली. संध्याकाळपर्यंत हनुवटीखाली नाण्याएवढा काळा-निळा डाग उमटला. श्वास किंवा गिळणे यावर परिणाम झाला नाही आणि डाग आठवड्याभरात ओसरला. पण नुकताच गिळायला लागलेला माणूस, पातळ रक्त आणि गळ्यातील रक्तस्राव हे तीन एकत्र आले असते तर काय झाले असते, याचा विचार करून मला आजही अस्वस्थ वाटते. एका माणसाने विचारपूर्वक दिलेला नकार आमच्या निष्काळजीपणामुळे मोडला गेला, ही मला त्या डागाहून मोठी इजा वाटते. मी आणि उपचारकांनी दोघांनीही त्यांची चित्रे पुढे ठेवून माफी मागितली.

त्यानंतर औषधांची यादी, रुग्णाचा नकार आणि वर्ज्य बिंदू एका कागदावर लिहून तो तिन्ही उपचारकांकडे, म्हणजे माझ्याकडे, ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे ठेवला. गळ्याबरोबर यामेनही वगळला. त्या ठिकाणी सुई खोल आणि वरच्या दिशेने गेल्यास खाली मेंदूचा तळभाग असतो. टाळू, हात आणि खांदा एवढेच राहिले. सुयांना वीजप्रवाह जोडायचा प्रश्न आलाच नाही. पण पेसमेकर असलेल्या किंवा झटके येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो आधीच विचारावा लागतो.

काय बदलले आणि कशामुळे

पहिल्या चार आठवड्यांत सरावाच्या यादीतील शब्द १ वरून ७ वर गेले. सराव न केलेल्या यादीत १ चे २ झाले. सुयांच्या सहा आठवड्यांत सरावाची यादी ७ वरून १३ वर आणि दुसरी २ वरून ४ वर गेली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिली १६ वर पोचली, दुसरी ४ वरच राहिली. वेस्टर्न अफेजिया बॅटरीचा गुणांक या आखणीच्या चौदाव्या आठवड्याच्या शेवटी ५२ होता.

कुटुंबाने फक्त आरंभ आणि शेवट पाहिला असता तर ३४ चे ५२ झाले, आणि मध्ये सुया होत्या, एवढेच दिसले असते. आठवड्यांचे आकडे पाहता सुया सुरू झाल्यावर शब्दांचा वेग वाढलेला नाही. आधी आठवड्याला दीड शब्द मिळत होता, नंतर एक. त्यावरून सुया निरुपयोगी ठरल्या असेही मी म्हणणार नाही. आघाताला दिवस लोटतात तसा नैसर्गिक सुधारणेचा वेग मंदावतोच, आणि सोपे शब्द आधी परत येतात. सुयांमुळे तो वेग आणखी घसरण्यापासून वाचला असेल, ही शक्यता एका रुग्णाच्या आकड्यांनी खोडता येत नाही. मात्र दोन याद्यांमधले अंतर निर्विवाद आहे. सुया दोन्ही याद्यांसाठी त्याच होत्या, सराव एकीचाच झाला होता, आणि ज्या शब्दांचा सराव झाला ते आले.

आणखी एक बदल मात्र सुयांच्या काळातच झाला. उजव्या खांद्याच्या दुखण्यामुळे ते सलग पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बसू शकत नव्हते आणि रात्री दोन-तीनदा जागे होत. सुयांच्या तिसऱ्या आठवड्यापासून खांदा निवळला, झोप सुधारली, आणि ते चाळीस मिनिटे बसू लागले. सरावाचे तास त्यामुळे वाढले. मला हे सुयांचे यश म्हणून लिहायला आवडले असते. पण फिजिओथेरपिस्टनी नेमक्या त्याच आठवड्यात हाताला आधार देणारा पट्टा बदलला होता, आणि दोन्हींपैकी कशाने खांदा निवळला हे ठरवण्याची सोय आम्ही स्वतःच घालवली होती. शब्दांच्या बाबतीत जी शिस्त पाळली ती खांद्याच्या बाबतीत मला सुचली नाही.

बोलण्याचे स्वरूपही बदलले, आणि ते आकड्यांत येत नाही. आता ते ‘मी... डॉक्टर... उद्या’ असे म्हणू लागले आहेत. प्रत्यय गळालेले आहेत, क्रियापद नाही. ‘मला’ आणि ‘डॉक्टरांकडे’ या रूपांपर्यंत पोचायला त्यांना पुष्कळ अवकाश आहे. मराठीत शब्दांमधल्या नात्यांचा भार प्रत्ययांवर असल्याने या जातीच्या वाचाघातात वाक्य असे सुट्या सुट्या दगडांसारखे होते, आणि पुढच्या टप्प्याचे काम तेच आहे : एका क्रियापदाभोवती कोण, काय आणि कुठे यांची जोडणी. पण ‘मी... डॉक्टर... उद्या’ हे घरात समजते. फोनवरही समजले, असे त्यांच्या पत्नीने सांगितले, आणि हे सांगताना त्या थोडा वेळ थांबल्या.

सुयांचे दुसरे आवर्तन घ्यायचे का, हा प्रश्न या वेळी आम्ही प्रथम त्यांनाच विचारला. चित्रे तीच होती. त्यांनी सुयांच्या चित्रावर बोट ठेवून होकाराची खूण दाखवली, मग डाव्या हाताने पेन्सिल मागून घेतली आणि चित्राखाली वेड्यावाकड्या अक्षरांत ‘खांदा’ असे लिहिले. सरावाच्या चित्राखाली त्यांनी ‘५’ लिहिले. त्याप्रमाणे आठवड्यातून एकदा खांद्यासाठी सुया आणि पाच दिवस भाषेचा सराव असे वेळापत्रक ठरले असून सहा आठवड्यांनी दोन्हींची स्वतंत्र तपासणी आहे. त्या काळात हाताचा पट्टा बदलायचा नाही, हे फिजिओथेरपिस्टशी लेखी ठरवले आहे.